पुनःपुन्हा मागणे हा अविश्वास नव्हे

प्रार्थनेविषयी आपल्या सुशिक्षित ख्रिस्ती मंडळींत एक मत अनेकदा बोलून दाखवले जाते, आणि ते वरकरणी इतके भक्तिपूर्ण भासते की त्याचा प्रतिवाद करणाऱ्यावरच अश्रद्धेचा आळ यावा. परमेश्वर सर्वज्ञ आहे, म्हणून आपली गरज त्याला सांगावी लागत नाही. तो प्रेमळ पिता आहे, म्हणून त्याचे मन वळवावे लागत नाही. तेव्हा एकदा विनंती करून स्वस्थ राहावे, तीच विनंती पुनःपुन्हा करणे हा एक तर अविश्वास होय, नाही तर निव्वळ हट्ट, असे हे मत आहे. त्याच्या पुष्टीस डोंगरावरील प्रवचनात येशूने व्यर्थ बडबडीचा जो निषेध केला, तोही पुढे केला जातो. पूर्वपक्ष बळकट आहे हे मान्य करूनच मी त्याच्या खंडनास प्रवृत्त होतो.

प्रथम वचनाचाच विचार करू. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात निषेध आहे तो पुनरुक्तीचा नव्हे, तर शब्दांच्या राशीला देव भुलतो या समजुतीचा. पित्याला आपली गरज आधीच ठाऊक असते, असे तेथे म्हटले आहे खरे. परंतु त्यावरून मागणे निरर्थक ठरते असा निष्कर्ष येशूने काढला नाही, उलट त्याच ओघात त्याने शिष्यांना प्रभूची प्रार्थना शिकवली. आणि त्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती वर्षाची नव्हे, महिन्याचीही नव्हे, तर आजची. आजची भाकर मागणाऱ्याला उद्या पुन्हा त्याच दारी, त्याच शब्दांनिशी यावे लागते. एकदा मागून मोकळे व्हावे असे गुरूच्या मनात असते, तर त्याने भाकरीऐवजी कोठार मागायला शिकवले असते. शिवाय गेथशेमाने बागेत त्या रात्री त्याने स्वतः तीन वेळा प्रार्थना केली, आणि तिसऱ्या वेळी शब्दही पूर्वीचेच होते, अशी नोंद मत्तयाचीच आहे. त्या पुनरुक्तीला बडबड म्हणण्याचे धाडस कोण करील?

दुसरा आक्षेप लूकच्या अठराव्या अध्यायातील विधवेच्या दाखल्यावर घेतला जातो : हा दाखला देवाला अन्यायी न्यायाधीशाच्या पंक्तीस बसवतो. हा आक्षेप दाखल्याची रचनाच ध्यानी न घेतल्यामुळे उद्भवतो. त्या बाईला नवरा नाही, वशिला नाही, नजराणा देण्याची ऐपत नाही. तिच्यापाशी आहेत ते केवळ रोज कचेरीच्या दारात येऊन उभे राहणारे दोन पाय. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाची भीड धरत नाही. तरीही ही बाई येऊन येऊन आपल्याला जेरीस आणील एवढ्याच धास्तीने तो तिची फिर्याद ऐकून दाद देतो. येथे लूकने योजलेल्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ डोळ्याखाली ठोसा लगावणे असा आहे. ज्याला कशाचाच पाझर फुटत नाही तोही जर शेवटी दाद देतो, तर जो पिता आहे तो देईल हे काय सांगावे! आपल्या शास्त्रकारांनी ज्याला कैमुतिक न्याय म्हटले, तोच हा. येथे साम्य दाखवायचे नसून अंतर दाखवायचे आहे. दाखल्याचा शेवट तर विरोधकांना सर्वस्वी निरुत्तर करणारा आहे. मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय, या प्रश्नाने तो संपतो. म्हणजे विधवेच्या त्या खेपांनाच येशू विश्वास म्हणतो. आणि ते यथार्थही आहे. कारण दार उघडणारच नाही अशी ज्याची खात्री झाली, तो दुसऱ्या दिवशी ठोठावायला येतच नाही.

परंतु खंडन येथेच थांबवले, तर मी स्वपक्षाला झुकते माप दिल्यासारखे होईल. अमुक दिवस उपास आणि अमुक रात्री जागरण केले की मागणे मान्य झालेच पाहिजे, असे सांगणारे उपदेशक आपल्यातच आहेत. आणि रोगी दगावला की त्याच्या घरच्यांचा विश्वास उणा पडला असा ठपका ठेवायलाही ते कचरत नाहीत. हा निष्ठुरपणा आहे. आपल्या देहातील काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली आणि तो काटा निघाला नाही. पौलाचा विश्वास उणा होता काय? 1872 साली फ्रान्सिस गाल्टन याने असा हिशेब मांडला, की ज्यांच्या दीर्घायुष्यासाठी देवळादेवळांतून प्रार्थना होते ते राजे इतर सुखवस्तू लोकांहून अधिक जगत नाहीत, तेव्हा प्रार्थना निष्फळ आहे. नास्तिकाचा हा हिशेब आणि त्या उपदेशकांची हमी या परस्परविरोधी दिसल्या, तरी दोहोंच्या मुळाशी एकच चूक आहे : दोघेही प्रार्थनेला देवाशी केलेला करार समजतात.

मग चिकाटीने साधते काय? याचे उत्तर मला मोनिकेच्या चरित्रात मिळते. 383 साली तिचा मुलगा ऑगस्टीन कार्थेजहून रोमला निघाला. त्याला जाऊ देऊ नये म्हणून ती बंदरापर्यंत त्याच्या मागे गेली; आपण केवळ एका मित्राला निरोप देण्यासाठी थांबलो आहोत अशी थाप मारून त्याने तिला किनाऱ्याजवळच्या संत सिप्रियनच्या स्मृतिमंदिरात रात्र काढायला लावले. ती रात्रभर रडत प्रार्थना करीत राहिली, की हे गलबत निघू नये. पहाटे वारा सुटला, शिडे भरली, आणि उजाडल्यावर तिने पाहिले तो मुलगा निघून गेलेला. प्रार्थना नामंजूर झाली, असेच त्या सकाळी कोणीही म्हटले असते. परंतु त्याच प्रवासाने ऑगस्टीनला पुढे मिलानला बिशप अ‍ॅम्ब्रोजपाशी पोहोचवले, आणि 387 च्या ईस्टरला त्याच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. आपली आई त्या रात्री जे मागत होती ते देवाने दिले नाही, ते ती नित्य जे मागत होती ते, म्हणजे मुलाचे मनःपरिवर्तन, देण्यासाठीच, असा याचा अर्थ पुढे खुद्द ऑगस्टीननेच आपल्या आत्मनिवेदनात लावला आहे. मोनिका त्या सकाळी एकदा मागून स्वस्थ झाली असती, तर तिच्या पदरी केवळ नकार उरला असता. ती मागत राहिली, म्हणूनच त्या नकाराच्या पोटातले दान ओळखायला ती जागेवर होती.

चिकाटीची प्रार्थना माणसाला निष्क्रिय करते, हा आरोपही अनुभवाला धरून नाही. केडगावच्या मुक्ति सदनात 1905 साली पंडिता रमाबाईंच्या हाकेसरशी शेकडो मुली-बायका पवित्र आत्म्याच्या वर्षावाची एकच मागणी घेऊन महिनोन् महिने दररोज जमत होत्या. आणि दुष्काळातून वाचवून आणलेल्या निराधार मुलींना पायावर उभे करणारी शेती, हातमाग आणि छापखाना हे उद्योगही त्याच सदनाचे होते.

तात्पर्य, आग्रही प्रार्थना देवाला वाकवण्यासाठी नसते. मागणाऱ्याला त्याच्या दारात टिकवून धरण्यासाठी असते, आणि त्या दारात उभे राहता राहता मागण्यातील हीण जळून जाते. मोनिकेला आपल्या मायदेशी, नवऱ्याच्या शेजारी पुरले जावे अशी फार दिवसांची आस होती, आणि तिथली जागाही तिने योजून ठेवली होती. त्याच 387 साली परतीच्या वाटेवर ओस्तियाच्या बंदरात ती अंथरुणाला खिळली, तेव्हा तिने मुलांना सांगितले की हा देह कोठेही ठेवा, त्याची काळजी नको. फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करीत जा. जी बाई एका बंदरात गलबत अडवावे म्हणून रात्रभर विनवीत होती, तिनेच दुसऱ्या बंदरात आपली थडग्याची जागाही सोडून दिली. या दोन बंदरांमध्ये जे अंतर पडले, ते प्रार्थनेने तोडले होते.