घरात मासे राहत असताना…

हॉस्टेलची खोली असो की घरातला अभ्यासाचा कोपरा, सध्या फिशटँकमधली निळी खडी, प्लॅस्टिकची झाडं आणि तो बुडबुडे सोडणारा पाणबुड्या हद्दपार होतायत. त्यांच्या जागी हवाय ‘प्लांटेड टँक’. हौस चांगलीच आहे. अडचण आहे ती रीलची. तीस सेकंदांत मूठभर माती, चिमट्याने रोवलेल्या चार काड्या आणि लगेच हिरवंगार जंगल! मधले दोन-तीन महिने तिथे दिसत नाहीत. टँकमध्ये आधीपासून राहणाऱ्या माशांना मात्र ते काढावे लागतात.

बहुतेक जण रविवारी सकाळी सगळं पाणी ओततात, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतात आणि संध्याकाळपर्यंत टँक ‘नवा’ करतात. घोळ इथेच होतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. स्पंजवर, खडीवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन या जिवाणूंच्या जिवावर उठतं आणि ही फौज पुन्हा उभी राहायला काही आठवडे जातात. तोवर मासे एकेक करून तरंगायला लागतात. मग ‘आमच्याकडे मासे टिकतच नाहीत’ म्हणत आपण पुन्हा दुकानात!

माणसं घरात राहत असताना रंगकाम काढतो, तेव्हा एकेक खोली घेतो ना? तसंच करायचं. फिल्टरला हात लावायचा नाही. फार तुंबलाच तर टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा. खडी थोडी थोडी बदलायची. सुरुवात अनुबियास आणि जावा फर्नने करावी. दोन्ही दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधता येतात. त्यांचं आडवं खोड मात्र खडीत पुरायचं नाही, नाहीतर ते कुजतं. व्हॅलिसनेरिया खडीत मुळं धरते आणि झपाट्याने पसरते. क्रिप्टोकोरिनची पानं लावल्यावर आठवडाभरात विरघळली, तर ती उपटून फेकू नका. मुळं जिवंत असतात, पानं नव्याने येतात. दिवा सहा-सात तास पुरे. रात्री अभ्यासाला सोबत म्हणून तो चालू ठेवलात, तर शेवाळाची चंगळ. आणि गोल्डफिश असतील तर आधीच सांगतो, कोवळी पानं हा त्यांचा नाश्ता आहे.

या छंदाला जगभर वेड लावलं ते जपानच्या ताकाशी अमानो यांच्या टँकच्या फोटोंनी. फोटो अप्रतिमच. पण कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, झगझगीत दिवे आणि सततची छाटणी हे काही पॉकेटमनीचं काम नाही. त्यापेक्षा अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांचं १९९९चं पुस्तक आपल्या सोयीचं. तळाला साधी माती, वर खडीचा थर, भरपूर झाडं, मोजके मासे. झाडं अमोनिया थेट शोषून घेतात, त्यामुळे फिल्टरवरचा भारही हलका होतो. लाइट गेली तरी लगेच धाबं दणाणत नाही.

एकदा टँक रुजला की छाटणी सुरू होते आणि झाडं जास्तीची होतात. ती ‘निसर्गात सोडून देऊ’ हा विचार दिसायला प्रेमळ आहे, पण नद्या झाकून टाकणारी जलपर्णी आपल्या देशात आली होती ती शोभेचं झाड म्हणूनच. काच साफ करायला आणलेला सकर मासा फूटभर झाला की तळ्यात सोडला जातो; आज तो धरणांत मासेमारांच्या जाळ्यात येतो आणि त्याला कुणी विचारत नाही. तेव्हा मोठा झालेला मासा दुकानदार परत घेतो का ते विचारा. जास्तीची व्हॅलिसनेरिया मित्राच्या टँकमध्ये जाऊ द्या; तिथेही जागा नसेल तर उन्हात कडकडीत वाळवा आणि तुळशीच्या कुंडीत खत म्हणून घाला.