जेरेमी ग्लिक याचा खरा गौरव

एखादा बलवान माणूस इतरांना वाचविताना मरण पावला, की लोक त्याच्या बळाचेच पोवाडे गातात. अमेरिकेतील ज्युदोपटू जेरेमी ग्लिक याच्या बाबतीत हेच घडले. रॉचेस्टर विद्यापीठात शिकत असताना १९९३ साली त्याने महाविद्यालयीन ज्युदोचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले होते. ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहृत विमानात त्याचा अंत झाला, तेव्हा तो ३१ वर्षांचा होता आणि घरी त्याची तान्ही मुलगी होती. पहिलवान शत्रूंवर तुटून पडला आणि धारातीर्थी पडला, असे त्याचे चित्र रंगविले गेले. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. आणि जे त्यातून गळाले आहे तेच अधिक मोलाचे आहे.

युनायटेड एअरलाइन्सचे ९३ क्रमांकाचे विमान त्या दिवशी सकाळी ८ वाजून ४२ मिनिटांनी नेवार्कहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाले. त्याला पंचवीस मिनिटांहून अधिक उशीर झाला होता. ९ वाजून २८ मिनिटांनी अल् कायदाच्या चौघांनी त्याचा ताबा घेतला. तोवर न्यूयॉर्कच्या जोड मनोऱ्यांवर दोन विमाने आदळून चुकली होती. मागील भागात कोंडलेल्या प्रवाशांनी दूरध्वनीवरून घरच्यांशी संपर्क साधला. न्यूयॉर्कविषयी जे ऐकले ते खरे काय, असे ग्लिकने पत्नीस विचारले. ते खरे असल्याचे तिने सांगितले. अपहरणकर्त्यांवर चालून जावे की नाही यावर प्रवासी मत घेत आहेत, असे त्याने तिला कळविले. या मतदानाची नोंद अमेरिकेच्या चौकशी आयोगाने २००४ च्या आपल्या अहवालातही केली आहे. निर्णय झाला आणि ९ वाजून ५७ मिनिटांनी चढाई सुरू झाली. १० वाजून ३ मिनिटांनी पेनसिल्व्हानियातील शँक्सव्हिल गावाजवळच्या मोकळ्या रानात विमान कोसळले. राजधानी वॉशिंग्टन तेथून सुमारे वीस मिनिटांच्या उड्डाणावर होती. ३३ प्रवासी आणि ७ कर्मचारी, असे ४० निरपराध जीव गेले. संसद भवन किंवा राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान, यांपैकी जे अपहरणकर्त्यांचे लक्ष्य होते, ते मात्र वाचले.

मृत्यू समोर उभा असताना एकमेकांना अपरिचित असलेल्या माणसांनी आधी परस्परांचे मत विचारले, ही गोष्ट साधी नाही. ग्लिकसारख्या धिप्पाड मल्लाला एकट्याने झेप घेण्याचा मोह झाला असता तर ते समजण्याजोगे होते. तसे करून त्याने सर्वांच्या प्राणांचा निर्णय स्वतःच्या हाती घेतला असता. तो त्याने घेतला नाही. १८८२ साली टोकियोत कोदोकानची स्थापना करणाऱ्या जिगोरो कानो यांनी ज्युदोची दोन तत्त्वे सांगितली होती: शक्तीचा सर्वोत्तम विनियोग आणि परस्परांचे कल्याण. दुसऱ्या तत्त्वावाचून पहिले केवळ दांडगाई ठरते. ग्लिकच्या वर्तनात ही दोन्ही तत्त्वे एकत्र आलेली दिसतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्या शेवटच्या मिनिटांत कोणी कोणता आघात केला, हे निश्चितपणे सांगता येत नाही. ध्वनिमुद्रणात दाराबाहेरचा गलका आणि आदळआपट ऐकू येते; कोणाचा हात कोठे पोहोचला ते त्यावरून ठरत नाही. सँड्रा ब्रॅडशॉ या विमान-सेविकेने, आपण अपहरणकर्त्यांवर फेकण्यासाठी पाणी उकळवीत आहोत, असे पतीला दूरध्वनीवरून सांगितले होते. ज्युदोतील प्रावीण्य आणि उकळत्या पाण्याचे भांडे यांत श्रेष्ठकनिष्ठ कोणी ठरवावे?

जगातील सर्वांत खर्चिक संरक्षण-यंत्रणेलाही येथे उत्तर द्यावे लागते. हे विमान अपहृत झाल्याची वार्ता हवाई संरक्षण विभागाला मिळाली ती १० वाजून ७ मिनिटांनी, म्हणजे ते कोसळल्यानंतर. राज्यसंस्थेला ज्याचा पत्ता नव्हता, ते काम सामान्य नागरिकांनी केले.

मरण अटळच होते, मग त्यात त्याग तो कसला, असा आक्षेप काही जण घेतात. त्याला उत्तर आहे. ही माणसे मरावयास निघाली नव्हती. विमान परत मिळवून घरी जाण्याची त्यांना आशा होती. पुढे मरणाला कवटाळणारे होते, मागे जगू इच्छिणारे होते. ज्याला जगावयाचे आहे, त्याने अनोळखी लोकांचे प्राण वाचविण्यासाठी स्वतःचा प्राण पणाला लावणे, यालाच त्याग म्हणतात.

या त्यागाचे पुढे काय झाले? सहप्रवासी टॉड बीमर याच्या तोंडचे ‘चला’ अशा अर्थाचे दोन शब्द राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आपल्या भाषणात वापरले आणि २००२ मध्ये ते वायुदलाच्या विमानांवर रंगविले गेले. अफगाणिस्तानातील युद्ध २०२१ पर्यंत वीस वर्षे चालले. २००३ मध्ये इराकवर आक्रमण झाले. वास्तविक इराक आणि अल् कायदा यांच्यात सहकार्याचे संबंध असल्याचा पुरावा त्याच चौकशी आयोगाला आढळला नाही. एका विमानातील माणसांनी मत घेऊन निर्दोषांना वाचविले. त्यांच्या शब्दांच्या आडून सत्ताधाऱ्यांनी असंख्य निर्दोषांवर युद्ध लादले. हुतात्म्यांची अशी वासलात लावण्याची रीत जगात सर्वत्र आहे, आणि तिच्याविरुद्ध सावध राहणे हे लोकशाहीवाद्यांचे कर्तव्य आहे.

त्या मानाने शँक्सव्हिल येथील स्मारकाने अधिक विवेक दाखविला आहे. तेथील पांढऱ्या संगमरवरी भिंतीवर चाळीसही नावे आहेत. २०१८ मध्ये लोकार्पण झालेल्या मनोऱ्यात चाळीस घंटानलिका आहेत आणि प्रत्येकीचा सूर निराळा आहे. अजिंक्यवीर मोठा आणि सेविका लहान, असा भेद तेथे नाही.

ग्लिकचा गौरव अवश्य व्हावा. आखाड्यात आणि व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्या तरुणांना त्याची कथा सांगावी. मात्र ती सांगताना, त्याने प्रतिस्पर्ध्यांना कसे चीत केले होते एवढ्यावरच थांबू नये. निर्वाणीच्या क्षणी त्याने आपल्या बळाला सर्वांच्या निर्णयाची वाट पाहावयास लावले, आणि निर्णय झाल्यावर ते हात राखून न ठेवता सर्वांसाठी वेचले, हेही सांगावे. मत घेण्याची सवय निर्धास्त दिवसांत जडलेली असेल, तरच संकटात ती उपयोगी पडते.