कुलाब्याची थंडी

शुद्ध बिस्मथ अतिसंवाहक होतं का, या जुन्या प्रश्नाचं उत्तर मुंबईत, कुलाब्याला सापडलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन यांच्या गटाने बिस्मथचा स्फटिक ०.५३ मिलिकेल्विनच्या खाली नेला, तेव्हा तो चुंबकीय क्षेत्र स्वतःबाहेर ढकलू लागला. विजेला होणारा विरोध संपल्याची, म्हणजेच अतिसंवाहकतेची, ही खूण. २०१६च्या डिसेंबरात ‘सायन्स’ने हे काम प्रसिद्ध केलं. आपल्या शहरातल्या या कामाचं कौतुक फारच थोडं झालं, याची मला खंत वाटते.

निरपेक्ष शून्य म्हणजे शून्य केल्विन, उणे २७३.१५ अंश सेल्सिअस. तिथे पोहोचता येत नाही, जवळ सरकता येतं. त्यासाठी पदार्थातली उष्णता काढत जायची आणि दर टप्प्यावर काढण्याची तऱ्हा बदलायची. १९०८ साली लायडनला कामरलिंग ओनेस यांनी हेलियम द्रवरूप केलं आणि ४.२ केल्विनपर्यंतची वाट खुली झाली. हेलियमची दोन समस्थानिकं वापरणारा शीतक आणखी खाली, काही मिलिकेल्विनपर्यंत नेतो. त्यापुढचं काम तांब्याचं.

तांब्याचा प्रत्येक अणुगर्भ हा एक इवलासा चुंबक. शीतकाने गार केलेल्या तांब्यावर जबर चुंबकीय क्षेत्र लावलं, की हे गर्भ त्या दिशेला वळू लागतात आणि वळताना उष्णता टाकतात. ती शीतकाने ओढून घेतली, की शीतक आणि तांबं यांच्यातला उष्णतेचा दुवा तोडायचा. मग क्षेत्र सावकाश उतरवायचं. ते उतरतं तसं गर्भांचं तापमानही उतरतं आणि तांब्याला जोडलेल्या स्फटिकातली उष्णता तांब्यात जाते. इथे घाई केली, नुसता हादरा बसला, तरी बाहेरची उष्णता आत शिरते.

बिस्मथच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. त्याची अतिसंवाहकता इतकी नाजूक, की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रही तिला मोडायला पुरतं. म्हणून स्फटिकाला त्यापासूनही आडोसा द्यावा लागला.

ही सगळी शीतन यंत्रणा संस्थेत उभी राहिली ती या शोधाच्या काही वर्षं आधी. हातात निकाल नसताना त्यावर पैसा आणि माणसांची वर्षं खर्च झाली. असा खर्च आपल्याकडे अजून व्हायला हवा, असं मी ठामपणे म्हणेन. शोधाने एक नवा प्रश्नही उभा केला. बिस्मथमध्ये सुमारे लाख अणूंमागे एकच मोकळा इलेक्ट्रॉन असतो. अतिसंवाहकतेसाठी इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळाव्या लागतात; एवढ्या थोड्या इलेक्ट्रॉनांच्या त्या जुळतात कशा, हे सांगायला अतिसंवाहकतेचा १९५७पासून वापरात असलेला सिद्धांत अपुरा पडतो.