कापूस त्यांचा, पहारा सरकारचा



चीनच्या वायव्य टोकाला शिंजियांग प्रांत आहे. जगातला सुमारे पाचवा हिस्सा कापूस तिथे पिकतो. तिथले जुने रहिवासी उइगुर. भाषा तुर्की वळणाची, धर्म इस्लाम.

२००९ साली उरुमची शहरात दंगल झाली. सरकारी आकड्यानुसार १९७ माणसे मेली. गुन्हेगारांना शिक्षा व्हायलाच हवी, त्याबद्दल आमचा वाद नाही. पण सरकारने पुढे अख्खी जमातच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली. २०१६ पासून चौकाचौकात पोलीस चौक्या आल्या. १२ ते ६५ वयाच्या माणसांचे डीएनए आणि बुबुळांचे ठसे गोळा झाले. सरकारी माणसे 'नातेवाईक' म्हणून घरात मुक्कामाला येऊ लागली.

तिथल्या पोलिसांचे ॲप ह्यूमन राइट्स वॉचने २०१९ साली उकलून दाखवले. संशयित कोण? मागच्या दाराने ये-जा करणारा, जास्त वीज जाळणारा, शेजाऱ्यांत न मिसळणारा! गोठा मागे असला की आपण मागच्याच दाराने जातो. घरात लग्न निघाले की वीज जास्त लागते. या हिशेबाने आपल्या गावातला कोण सुटेल?

लाखो माणसे छावण्यांत डांबली गेली. सरकार म्हणते, ती प्रशिक्षण केंद्रे होती, २०१९ अखेर सगळे उत्तीर्ण झाले. मग भिंतींवर काटेरी तारा कशाला होत्या? कायद्याच्या चौकटीत राहून उइगुरांचे प्रश्न मांडणारे अर्थशास्त्राचे प्राध्यापक इल्हाम तोहती यांना तर २०१४ सालीच जन्मठेप दिली. बोलणाऱ्याला तुरुंग आणि गप्प बसणाऱ्यावर संशय, याला सुरक्षा म्हणायचे?

शिंजियांगचा माल वेठबिगारीचाच समजून अडवणारा कायदा अमेरिकेने २०२२ साली लागू केला. आपल्यातले काही जण खूश झाले. चीनचा कापूस अडला, आता आपला भाव वाढेल! भावांनो, आम्हाला भाव हवा तो आमच्या घामाचा. दुसऱ्या कापूसवाल्याच्या कैदेवर मिळणारा भाव नको.

एकाधिकार खरेदीच्या काळात हद्दीवर कापसाच्या गाड्या अडवणारे नाके आपण सोसले. तिथे नाका उंबरठ्याच्या आत शिरला आहे. 'सुरक्षेसाठी' म्हणत सरकार कोणाच्याही घरात डोकावू लागले, की जात, धर्म, देश न बघता पहिला सवाल आपण विचारायचा : गुन्हा कोणता, पुरावा कुठे?