वसंतारंभीची उपासमार

हिमाचल प्रदेशातील डोंगराळ गावांत घराच्या भिंतीतच पोकळी ठेवून मधमाश्या पाळण्याची जुनी रीत आहे. बाहेरून माश्यांपुरते भोक, आतून फळी. महाराष्ट्रात सातेरी म्हणून ओळखली जाते, तीच ही माशी होय. हिवाळा सरला की घरधनी निश्चिंत होतो. वस्तुतः खरा धोका तेव्हाच सुरू होतो. कडाक्याच्या थंडीत माश्या एकमेकींना बिलगून थोडक्या मधावर भागवितात. दिवस वाढू लागताच राणी पुन्हा जोमाने अंडी घालू लागते. अंडी-अळ्यांभोवती सुमारे ३४ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब राखण्यात साठा झपाट्याने आटतो. फुले अद्याप तुरळक. त्यात पावसाची झड लागली, तर नांदती वसाहत उपाशी मरते.

म्हणून शरदात पोळी निःशेष कापून घ्यावयाची व पुढे साखरेच्या पाकावर भिस्त ठेवावयाची, हा व्यवहार समर्थनीय नाही. पाक हा निकडीचा उपाय. शिवाय त्यातील पाणी आटविण्याचे श्रम अशक्त माश्यांवरच पडतात. सफरचंदाच्या बहुतेक जातींना फळ धरण्यास परक्या जातीचे पराग लागतात. बहरापूर्वीच घरची वसाहत मेली, तर बागाईतदारास परागीकरणासाठी पेट्या भाड्याने आणाव्या लागतात.