हप्ता भाड्यातून निघत नाही

पुण्यात लोकांच्या घरी जाऊन भाडेकरार नोंदवायचं माझं काम आहे. लॅपटॉपवर मसुदा वाचून दाखवायचा, मालक-भाडेकरूंचे अंगठे घ्यायचे, फोटो काढायचे. तेवढ्या वेळात मालक मोकळेपणानं बोलतात. गुंतवणूक म्हणून पहिलाच फ्लॅट घेतलेल्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: ‘भाड्यातून हप्ता निघेल.’ हे खरं धरून कुणी दुसरं घर घेऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं.

साधा हिशेब मांडू. समजा फ्लॅट ७० लाखांचा आहे. पुण्यात पुरुषाच्या नावावर ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी धरली, की तो ७५ लाख २० हजारांना पडतो. भाडं २२ हजार. वर्षात एक महिना घर रिकामं राहणार, म्हणजे हाती २ लाख ४२ हजार. त्यातून मेंटेनन्सचे ३६ हजार जातात. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, तरी साडेतीन हजार धराच. मिळकतकर १५ हजार, कारण स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिका देते ती ४० टक्के सवलत घर भाड्यानं दिलं की जाते. एजंटला एक महिन्याचं भाडं. रंग, नळ, गिझर यांचे आणखी १५ हजार. उरतात दीड लाख. घातलेल्या पैशावर जेमतेम २ टक्के! आणि ५० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता महिना ४३ हजारांच्या वर जातो.

‘पण भाव वाढतील ना?’ वाढतीलही. पण वाढलेला भाव घर विकल्यावरच हातात येतो, हप्ता मात्र येत्या पाच तारखेला द्यायचा असतो. करसवलतीवरही विसंबू नका. नव्या करप्रणालीत भाड्याच्या घरातला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही.

म्हणून नवख्यानं कर्ज कमीत कमी काढावं, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवावेत आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घरच घ्यावं. त्यावर जीएसटी नाही आणि भाडं लगेच सुरू होतं. घर पाहायला जाल तेव्हा त्याच इमारतीतल्या वॉचमनला विचारा, किती फ्लॅट रिकामे आहेत आणि किती दिवसांपासून. ब्रोशरपेक्षा हे उत्तर जास्त कामाचं असतं.

करारात कंजुषी करू नका. ‘अकराच महिन्यांचा आहे, नोटरी पुरे’ हा समज महाराष्ट्रात साफ चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोडून काढणं मालकावर येतं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. उलट नोंदलेला करार हाती असेल आणि मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट शुल्क मागता येतं. एवढं संरक्षण महापालिका हद्दीत हजार रुपये नोंदणी फी आणि पाव टक्का मुद्रांक शुल्कात मिळतं.

आणि डिपॉझिट. ते भाडेकरूचे पैसे आहेत. ते हप्त्यात भरून टाकणारे मालक मी पाहते. मग घर सोडताना भिंतीवरच्या खिळ्यांची भोकं मोजली जातात, कुणा नोकरदार मुलीचे पन्नास हजार अडकतात, आणि तिला नव्या घराचं डिपॉझिट भरायला उसने पैसे मागावे लागतात. डिपॉझिट वेगळ्या खात्यात ठेवा. किल्ली द्यायच्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, मीटरचं रीडिंग लिहा, पंखे-दिव्यांची यादी कराराला जोडून दोघांनी सह्या करा. घर सोडतानाचा हिशेब त्याच यादीवरून व्हायला हवा, आणि तोही किल्ली परत घेताना, त्याच दिवशी.