प्लास्टिकच्या कुळाची साक्ष

‘मक्यापासून बनविलेली’, ‘उसापासून बनविलेली’ अशी अक्षरे मिरवणाऱ्या पिशव्या, पेले आणि ताटल्या बाजारात दिसू लागल्या आहेत. महाराष्ट्राने २०१८ साली आणि केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून, एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. त्यानंतर अशा पर्यायांची मागणी वाढणे स्वाभाविकच होते. परंतु हिरवे पान छापल्याने वस्तूचे कुळ सिद्ध होत नाही. ग्राहक चार पैसे अधिक मोजतो तो विश्वासापोटी. त्या विश्वासाला आधार काय, हा खरा प्रश्न आहे.

डोळ्यांनी किंवा स्पर्शाने याचा निवाडा होणे अशक्य. नेहमीचे रासायनिक पृथक्करणही येथे अपुरे पडते. अवरक्त किरणांच्या चाचणीने मक्याच्या साखरेपासून होणारे पॉलिलॅक्टिक आम्ल आणि पॉलिथिन यांतील भेद कळतो. तथापि ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या मद्यार्कापासून मोठ्या प्रमाणावर होणारे पॉलिथिन आणि खनिज तेलापासूनचे पॉलिथिन यांची रेणुरचना एकच आहे. भेद आहे तो कार्बनच्या वयाचा.

हे वय सांगणारी पद्धत विज्ञानाने केव्हाच दिली आहे. हवेतील सुमारे एक लक्ष कोटी कार्बन अणूंमागे एक अणू किरणोत्सारी कार्बन-१४चा असतो. वनस्पती तो हवेतून घेतात. त्या मेल्या की दर ५,७३० वर्षांनी त्याचे प्रमाण निम्मे होत जाते. कोट्यवधी वर्षे भूगर्भात राहिलेल्या तेलात तो उरतच नाही. या तत्त्वावर कालमापनाची पद्धत बसविणाऱ्या विलर्ड लिबी यांना १९६०चे नोबेल पारितोषिक मिळाले. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा काळ ठरविताना हीच पद्धत कामी आली. प्लास्टिकचा तुकडा जाळून निघालेल्या वायूतील कार्बन-१४ मोजला की त्यातील किती टक्के कार्बन वनस्पतींचा, हे कळते. अमेरिकेत २००४ साली या चाचणीचे मानक ठरले. पुढे आंतरराष्ट्रीय मानकही आले.

या चाचणीतही सावधगिरी हवीच. प्लास्टिकमध्ये चुनखडीची भुकटी मिसळलेली असेल, तर तिच्यातील प्राचीन कार्बन हिशेब बिघडवतो. म्हणून तो वेगळा काढावा लागतो. गेल्या शतकातील अणुस्फोटांनी हवेतील कार्बन-१४ वाढविला होता, त्याचीही दुरुस्ती करावी लागते. परंतु सर्वांत मोठा गोंधळ प्रयोगशाळेतला नसून समजुतीतला आहे. वनस्पतिजन्य म्हणजे विघटनशील नव्हे. उसाचे पॉलिथिन तेलाच्या पॉलिथिनइतकेच वर्षानुवर्षे टिकते. उलट खनिज तेलापासून केलेली काही प्लास्टिके योग्य परिस्थितीत कुजतात. पॉलिलॅक्टिक आम्लालाही नीट कुजण्यासाठी सुमारे ५८ अंश सेल्सिअसची कारखान्यातील खतनिर्मिती लागते. परसातला खड्डा त्याला पुरत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र कुजण्याविषयी आहे, जन्माविषयी नाही. आरंभ आणि अंत यांची साक्ष स्वतंत्रपणेच घेतली पाहिजे.

चाचणी खर्चिक आहे, लहान उत्पादक तिच्याखाली दबून जाईल, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु प्रत्येक पिशवी तपासण्याची गरज नाही. कच्चा दाणा बनविणाऱ्याची तपासणी सक्तीची करावी आणि बाजारातून अचानक नमुने उचलावेत, एवढ्याने बराच वचक बसेल. कार्बन-१४ मोजणारी यंत्रे आणि तज्ज्ञ आपल्या देशातही आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक दाव्यांना पुरावा हवा, अशी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. आता पुढचे पाऊल टाकावे: वनस्पतिजन्य कार्बन किती टक्के, चाचणी कोणत्या मानकानुसार झाली आणि वस्तू कोठे कुजते, हे वेष्टनावरच स्पष्ट छापले जावे.

यात केवळ ग्राहकाचा पैसा गुंतलेला नाही. खोटा दावा स्वस्तात खपतो तेव्हा प्रामाणिक उत्पादक बाजारातून हटतो, आणि फसलेला ग्राहक पुढे खऱ्या पर्यायावरही विश्वास ठेवीत नाही. पर्यावरणाची ती हानी कोणत्याही पिशवीपेक्षा अधिक काळ टिकणारी ठरेल.